खलाशाच्या घराचेही शिल्प हवे: लोथलच्या राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाच्या नियोजकांना खुले पत्र

प्रति,
बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालय, भारत सरकार,
तसेच लोथल येथील राष्ट्रीय सागरी वारसा संकुलाची आखणी करणारे सर्व सल्लागार, वास्तुरचनाकार आणि शिल्पकार

महोदय,

गुजरातमधल्या लोथल येथे आकार घेत असलेल्या राष्ट्रीय सागरी वारसा संकुलात भारतातील नाविक कुटुंबांच्या सन्मानार्थ एक भव्य सार्वजनिक शिल्प उभारले जावे, आणि ते कसे असावे याचा विचार दालनांची मांडणी पक्की होण्यापूर्वीच व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खलाशाची मुलगी आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. मात्र पुढे जे मांडत आहे ते आमच्या एका घरापुरते नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हा जाहीर झालेला तपशील पाहून कोणाही किनारपट्टीच्या माणसाला बरेच वाटेल. एकूण १४ दालने, ७७ मीटर उंचीचे दीपगृह-संग्रहालय, नौदल आणि तटरक्षक दलाच्या दालनाच्या आवारात ‘आयएनएस निशंक’ ही युद्धनौका, ‘सी हॅरियर’ विमान आणि हेलिकॉप्टर, पुढच्या टप्प्यात किनारी राज्यांची स्वतंत्र दालने, असा हा पसारा आहे. जागेचे निमित्त असलेली हडप्पाकालीन गोदी तर तिथे आहेच. (एस. आर. राव यांनी १९५५ पासून केलेल्या उत्खननात सापडलेला तो विटांचा प्रचंड हौद गोदी होता की जलाशय, यावर विद्वानांचा वाद अजून संपलेला नाही. संकुलाने तो वाद लपवू नये, उलट मांडावा, असे मला वाटते.) या सगळ्यात जहाजे आहेत, शस्त्रे आहेत, बंदरे आणि राजवटी आहेत. खलाशीही कुठेतरी येईल, एखाद्या चित्रात किंवा प्रतिकृतीच्या डेकवर. त्या खलाशाला समुद्रावर पाठवणाऱ्या, त्याच्या मागे संसार चालवणाऱ्या आणि पुढच्या पिढीतला मुलगा पुन्हा त्याच वाटेने धाडणाऱ्या घराचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात आलेला नाही.

ही उणीव दिसते तितकी किरकोळ नाही, कारण आपल्याकडे दर्यावर्दीपणा हा फार मोठ्या प्रमाणात घराण्यांनी आणि गावांनी चालवलेला व्यवसाय आहे. वाफेच्या जहाजांच्या काळात कंपन्या खलाशी एकेकटे निवडत नसत. ते काम सारंगाकडे, म्हणजे खलाशांच्या मुकादमाकडे असे, आणि सारंग आपल्या गावातली, आपल्या नात्यातली माणसे घेऊन येई. त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणी, कसाब, भंडारी, टोपास अशी उतरंड असे. डेकवर कच्छ-काठियावाडचे, रत्नागिरीकडचे किंवा मलबारचे लोक, भट्टीवर पंजाब किंवा सिल्हेटकडचे आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणखाण्याच्या सेवेत, गोव्याचे, ही वाटणी इतकी ठरलेली होती की जहाजाच्या पोटात जणू दोन-तीन तालुकेच एकत्र राहत. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१ हजार ‘लस्कर’, म्हणजे आशियाई खलाशी, होते आणि त्यांतले बहुसंख्य हिंदुस्थानातले होते. गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी पगारावर ते राबत, आणि १९३९ च्या शरद ऋतूत त्यांनी बंदराबंदरांत केलेल्या संपांनंतरच त्या पगारात लक्षात येण्याजोगी वाढ झाली. त्या तुटपुंज्या पगारावर जी घरे चालली ती कशी चालली, हा भारताच्या सागरी इतिहासाचाच एक भाग आहे.

कच्छमधल्या मांडवीचे खारवा, दमण-वलसाडकडचे तांडेल, कोकणातले दालदी आणि भंडारी, मुंबई-रायगड-पालघरचे कोळी, केरळातल्या बेपूरला उरू, म्हणजे लाकडी जहाजे, बांधणारे आणि ते पाण्यात उतरवणारे खलाशी, तुतिकोरीनचे परवर: प्रत्येकाची घराची घडी वेगळी. कोळीवाड्यात पुरुष मासळी आणतो आणि बंदरावर लिलावापासून बाजारातल्या पाटीपर्यंतचा सगळा व्यवहार बाईच्या हातात असतो. होडीचे कर्ज, डिझेलची उधारी, बर्फाचे पैसे यांचा हिशेब तीच ठेवते. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर पुरुष पिढ्यान् पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरीला जात आल्यामुळे गावाचा कारभार स्त्रियांनी सांभाळण्याची रीत पडलेली आहे. मर्चंट नेव्हीच्या घरात दर महिन्याला येणारी ‘अलॉटमेंट’ हा शब्द लहान मुलांनाही माहीत असतो, कारण पगाराचा जो वाटा थेट घरी पाठवायची तरतूद कायद्यात आहे, त्यावर शाळेच्या फीपासून घराच्या पायापर्यंत सगळे ठरते. जागेचा दावा, आजाऱ्याचे दवाखाने, मुलीचे लग्न ठरवणे, ही कामे ज्यांनी केली त्यांच्यामुळेच जहाजावरचा माणूस जहाजावर राहू शकला.

आता शिल्पाकडे येते. राष्ट्रीय प्रदर्शनात दर्यावर्दींचे भव्य शिल्प उभारण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिस्बनमध्ये आहे. १९४० साली पोर्तुगालने ‘पोर्तुगीज जगताचे प्रदर्शन’ भरवले, त्यासाठी वास्तुरचनाकार कोतिनेल्ली तेल्मो आणि शिल्पकार लिओपोल्दो द आल्मेदा यांनी ताग्युस नदीच्या काठी जहाजाच्या पुढच्या टोकासारखे एक तात्पुरते स्मारक उभे केले. पोर्तुगीज सागरी मोहिमांना चालना देणारा राजपुत्र हेन्री याच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली म्हणून १९६० मध्ये तेच काँक्रीट आणि दगडात पुन्हा बांधण्यात आले. पन्नास मीटरहून उंच अशा त्या स्मारकावर ३३ आकृत्या आहेत: राजे, सरदार, धर्मोपदेशक, नकाशे काढणारे, कवी, सुकाणूधारी. त्यात स्त्री एकच, राणी फिलिपा, आणि तीही हेन्रीची आई म्हणून. म्हणजे कुटुंबाला जागा मिळाली, पण ती राजघराण्याच्या कुटुंबाला. रचना म्हणून ते शिल्प जबरदस्त आहे, हे मान्य करायला हवे. चढत जाणारी ती रांग पाहणाऱ्याला खेचून घेते. पण सत्तेने स्वतःकडे पाहून घडवलेले ते शिल्प आहे, आणि वसाहतींचे ओझे ज्यांनी वाहिले त्या आपल्यासारख्या किनाऱ्यांनी तोच साचा उचलण्याचे काहीच कारण नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावाचे आहे. तिथे १९२५ मध्ये सुकाणूचे चाक धरून उभ्या असलेल्या मच्छीमाराचा ब्राँझ पुतळा बसवण्यात आला, आणि पुढे त्याच्याभोवती समुद्रात गेलेल्या ५ हजारांहून अधिक जणांची नावे कोरण्यात आली. त्याच किनाऱ्यावर मच्छीमारांच्या बायकामुलांचे शिल्प यायला २००१ साल उजाडले. तेही शहराला सुचले म्हणून नव्हे. मच्छीमारांच्या पत्नींच्या संघटनेने वर्षानुवर्षे रेटा लावला आणि निधी जमवला म्हणून. घराची आठवण व्हायला पाऊणशे वर्षे लागली. लोथलमध्ये आपण पहिल्या दिवसापासून दोन्हींचा विचार करू शकतो, ही संधी मोठी आहे.

यासाठी आदर्श शोधायला परदेशात जावे लागत नाही. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये सिमेंट आणि लाल मुरुमाच्या खडीतून घडवलेले ‘संथाळ कुटुंब’ आजही उघड्यावर उभे आहे. कावडीत संसार आणि मूल घेऊन निघालेला पुरुष, कडेवर पोर आणि डोक्यावर बोजा असलेली बाई, सोबत कुत्रा. कोणी राजा नाही, चौथरा जेमतेम, आणि तरी त्या शिल्पाच्या समोर माणूस आपोआप मान वर करून पाहतो. कष्टकरी कुटुंबाला स्मारकाचा आकार देता येतो, आणि त्यासाठी कुटुंबाला दीनवाणे करावे लागत नाही, हे त्या एका कामाने सिद्ध केले आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधरी यांचे ‘श्रमाचा विजय’ १९५९ पासून आहे. प्रचंड शिळा हलवणारे ते चार मजूर समुद्राच्या वाऱ्यात उभे आहेत आणि शहराने त्यांना आपले मानले आहे. आमच्याकडचेच उदाहरण द्यायचे तर सासवण्याचे नानासाहेब करमरकर. पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणारा हा शिल्पकार अलिबागजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातला, आणि त्याच्या सासवण्याच्या शिल्पालयात आसपासची साधी माणसेही तितक्याच आस्थेने घडवलेली दिसतात.

त्याहून जुने म्हणाल तर मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे शिलाहारकाळातले वीरगळ आहेत, ज्यांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. वल्ह्यांच्या रांगा, गलबतांवर चढून लढणारे सैनिक, पडलेल्यांना मिळालेले स्वर्गपद, असा पट्ट्यापट्ट्यांनी वर चढत जाणारा तो वृत्तांत आहे. समुद्रावर मेलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची ही आपली स्वतःची रीत सात-आठ शतके तरी जुनी आहे, आणि पट्ट्यापट्ट्यांनी कथा सांगण्याची ती पद्धत आजच्या शिल्पकारालाही उपयोगी पडावी. एकसरचे वीरगळ ज्या अवस्थेत राहिले आहेत ती आपल्या वारसाप्रेमाला शोभणारी नाही, हे जाता जाता नोंदवते.

आता माझा मुख्य आक्षेप, जो अजून न घडलेल्या शिल्पाविषयी आहे. नाविकाच्या कुटुंबाचे शिल्प म्हटले की बहुतेक समित्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते: वाऱ्यात पदर उडालेली, मुलाला जवळ धरून क्षितिजाकडे पाहणारी बाई. जगभरच्या बंदरांत हे चित्र ब्राँझमध्ये ओतले गेले आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते फार अपुरे आहे, आणि अपुरे असूनही फार सोपे असल्यामुळे तेच निवडले जाईल अशी भीती वाटते. वाट पाहणे म्हणजे उभे राहणे नव्हे. सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज पळवले, पुढच्या वर्षी खंडणी मिळाल्यावर जहाज सोडले पण सात भारतीयांना मागे ठेवून घेतले, आणि त्यांची सुटका ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली. त्या चार वर्षांत त्यांच्या घरच्यांनी क्षितिजाकडे पाहिले नाही. त्यांनी कचेऱ्या गाठल्या, निवेदने दिली, पत्रकारांना फोन केले, कर्जे काढली. २०२० मध्ये महामारीमुळे जगभरात सुमारे चार लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडले, तेव्हाही घरोघरी हेच चालले होते. गुजरात, दीव आणि पालघरच्या किनाऱ्यांवर आजही अशी घरे आहेत ज्यांचा कर्ता माणूस सागरी सीमेपलीकडे पकडला जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात आहे, आणि त्या घरातली बाई मासळी निवडण्याच्या रोजंदारीबरोबर अर्जांची फाईलही सांभाळते. शिल्पातली स्त्री काही करताना दिसली पाहिजे. तिचे हात रिकामे नसावेत, आणि तिची नजर कुठे असावी हे समुद्राने ठरवू नये.

त्याचप्रमाणे कुटुंब म्हणजे फक्त पती, पत्नी आणि मूल एवढेच नव्हे. मुलाला पहिल्यांदा बंदरावर पोचवायला आलेला, स्वतः निवृत्त सारंग असलेला आजा. भावाच्या अलॉटमेंटवर शिकलेली आणि आता स्वतः नौवहनाच्या परीक्षेला बसलेली बहीण. घरात मुलगे नसल्यामुळे होडीवर जाऊ लागलेली सून. हेही त्यात हवेत. खलाशी मध्यभागी उंच आणि बाकीचे भोवताली लहान, अशी रचना तर मुळीच नको. माझे म्हणणे असे की त्याची जागा गटाच्या एका टोकाला असावी, निघण्याच्या किंवा परतण्याच्या बेतात, आणि वजन घराच्या बाजूला असावे. शिल्पकाराला मी शिकवू पाहत नाही. निविदेत ‘कुटुंब’ हा शब्द लिहून प्रत्यक्षात एका नायकाचा पुतळा स्वीकारला जाऊ नये, एवढीच काळजी आहे.

भव्यतेविषयीही स्पष्ट बोलायला हवे. ज्या राज्यात १८२ मीटर उंचीचा पुतळा आहे तिथे नव्या शिल्पाला उंचीचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह आवरावा. पन्नास मीटरवर चेहरा ओळखू येत नाही, आणि चेहरा ओळखू न येणारे कुटुंब हे कुटुंब राहत नाही. इथे भव्यता आडव्या विस्तारात शोधावी: माणसाच्या दीडपट-दुप्पट आकाराच्या आकृत्या, लांबवर पसरलेला गट, ज्याच्यामधून पाहुण्यांना चालता येईल, मुलांना हात लावता येईल, म्हाताऱ्यांना टेकता येईल. ते तिकिटाच्या खिडकीच्या आत नसावे. ज्यांच्या नावाने ते उभारायचे त्यांना ते पाहण्यासाठी पैसे मोजावे लागणे बरे दिसणार नाही.

नावांचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती जपलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मृतिग्रंथांत आहेत. त्यांच्या गावांना हे बहुधा माहीतही नाही. शांततेच्या काळात गेलेल्यांची तर अशी एकत्र यादीही कुठे दिसत नाही. समुद्रावरच्या मृत्यूत देह मिळतोच असे नाही. २०१७ च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार बेपत्ता झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा बार्ज मुंबईच्या समुद्रात बुडाला, सत्तरहून अधिक माणसे गेली, आणि काहींची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली. सात वर्षे काहीही कळले नाही तर मृत्यू गृहीत धरता येतो, असे कायदा सांगतो. तोवर विम्यापासून वारसनोंदीपर्यंत अनेक गोष्टी अडून राहू शकतात, आणि दहावे-बारावे करावे की नाही हाही प्रश्न घराला छळतो. ज्यांची कबर नाही, समाधी नाही, अस्थी नाहीत, त्यांच्यासाठी नाव कोरलेली भिंत ही एकच जागा उरते. म्हणून शिल्पाला लागून अशी भिंत असावी, तिच्यावर पुढेही नावे वाढवता येतील अशी सोय असावी, आणि नावासोबत गाव लिहावे. हुद्दा लिहिला नाही तरी चालेल.

साहित्याबद्दल दोन शब्द, कारण या बाबतीत किनारपट्टीने अलीकडेच किंमत मोजली आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, म्हणजे नऊ महिनेही टिकला नाही. त्याचे नटबोल्ट गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने आधीच लेखी कळवले होते, अशा बातम्या तेव्हा आल्या. खाऱ्या हवेतले क्लोराइड पोलादाला आतून खाते, ब्राँझच्या कवचाला आतला लोखंडी सांगाडा लागून राहिला आणि त्यात ओल शिरली तर गंज आणखी वेगाने चढतो, आणि काँक्रीटमधली सळई गंजून फुगली की वरचा थर फुटतो. लोथलपासून समुद्र आज बराच दूर आहे, पण खंबातच्या आखाताजवळच्या त्या पट्ट्यात जमिनीतले क्षार आणि उन्हाळ्याचा ताप आहेच. दगडातही खार चढतो. म्हणून घाईने मुहूर्त गाठण्यासाठी शिल्प ओतू नये. सांगाडा कोणत्या धातूचा, तो कवचापासून अलग कसा ठेवला, पाणी कुठून निघून जाणार आणि दर वर्षी तपासणी कोण करणार, हे करारातच लिहिले जावे, आणि देखभालीचा निधी उभारणीच्या निधीबरोबरच बाजूला काढला जावा.

शेवटी प्रक्रिया. मुंबईत गिरगावसमोरच्या समुद्रातल्या नियोजित शिवस्मारकाच्या वेळी मच्छीमारांनी केलेला विरोध पुतळ्याला नव्हता; आपल्या मासेमारीच्या जागेबद्दल आपल्याला न विचारता ठरवले जाते, याला होता. समुद्रावर जगणाऱ्यांना समारंभाला पारंपरिक वेशात बोलवायचे आणि निर्णयाच्या बैठकीला बोलवायचे नाही, हा शिरस्ता लोथलला मोडता येईल. शिल्पासाठी खुली स्पर्धा घ्यावी. तिची माहिती गुजराती, मराठी, कोकणी, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू, ओडिया आणि बंगाली या किनाऱ्यांच्या भाषांत प्रसिद्ध करावी. निवड समितीत नाविकांच्या आणि मच्छीमारांच्या संघटनांबरोबर घर चालवणाऱ्या स्त्रियांना मताचा अधिकार असलेल्या सदस्य म्हणून घ्यावे. आणि अंतिम फेरीतल्या प्रतिकृती निर्णयापूर्वी मांडवी, रत्नागिरी, बेपूर, तुतिकोरीन अशा बंदरांत लोकांना पाहण्यासाठी ठेवाव्यात. यात वेळ जाईल, हे खरे आहे.

दर वर्षी ५ एप्रिलला आपले मंत्रालय राष्ट्रीय सागरी दिन साजरा करते, कारण १९१९ साली त्या दिवशी सिंदिया या भारतीय नौवहन कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या प्रवासाच्या निमित्ताने कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांची नावे घेतली जातात, ती घेतली गेलीच पाहिजेत. येत्या सागरी दिनी, त्यांच्या जोडीने, या शिल्पाच्या स्पर्धेची सूचनाही प्रसिद्ध करावी, आणि तसे करणे शक्य नसेल तर त्याची कारणे मंत्रालयाने जाहीरपणे कळवावीत, अशी विनंती आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक नागरिक